अण्णांच्या व्हेपची धुलाई

अल अमेरात, मस्कत
शुक्रवार

ती. चंद्रहासदादा यांना,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा परदेशातून नमस्कार. तुमचा गुडघा, वहिनींचं पित्त आणि दुकानामागच्या भिंतीची ओल या तिन्हींची चौकशी करायला आकांक्षाने बजावलं आहे. मी माझ्या वतीने पहिल्या दोहोंचीच करतो, कारण तुम्ही स्वतः रंगाचे दुकानदार असून ती ओल इतकी वर्षं टिकली आहे, म्हणजे तिची प्रकृती उत्तमच असणार. आम्ही इकडे चौघंही तपासणीच्या कागदांप्रमाणे ठीक आहोत. (कागद काढणाऱ्याने आमच्या घरात एक संध्याकाळ काढलेली नाही, हे ध्यानात ठेवून वाचावं.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुमच्या मनात येईल. फोनवर तुम्ही मला लांज्याचं हवामान सांगता, मी तुम्हाला इथलं सांगतो. इथलं हवामान बाराही महिने एकच असल्यामुळे बोलणं लवकर आटपतं. अण्णांचं नाव तुम्ही काढत नाही, म्हणून मीही काढत नाही. शिवाय आमचा फ्लॅट लहान आणि अण्णांचे कान अजून तरुण. आमच्या ऑफिसातला बदरुद्दीन सुटीवर राजापूरला निघाला आहे. तो लांज्याला येऊन हे पाकीट तुमच्याच हातात देईल. त्याला चहा द्या. बिचारा गोव्याला उतरून पुढे एसटीने जाणार आहे.

पत्राचं कारण आधी सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला शेवटपर्यंत वाचण्याचा त्रास नको. अण्णांना परत बोलावून घ्या. त्यांचा व्हिजिट व्हिसा संपत आला आहे आणि माझी सहनशक्ती त्याच्याही आधी संपली आहे. मी लिफ्टच्या कंपनीत सुपरवायझर म्हणून ओमानला आलो. सध्या मी सासऱ्यांच्या इलेक्ट्रिक सिगरेटचा धोबी आहे. ही बढती कशी मिळाली ते आता सविस्तर लिहितो.

आई गेल्यावर अण्णा लांज्याच्या घरात एकटे नकोत म्हणून आकांक्षाने त्यांना इकडे आणलं, हे तुम्हाला माहीत आहे. (विमानतळावर सोडायला तुम्ही आला नव्हता. दुकानात माल उतरत होता, असं वहिनी म्हणाल्या.) आल्या दिवशीच बापलेकीचा करार झाला. त्यांच्या नातीची, यशश्रीची, छाती धुळीने घरघरते, तेव्हा घरात सिगरेट पेटणार नाही. अण्णांनी एका शब्दाने वाद घातला नाही. ते तीन जिने उतरून खाली जायचे आणि बिल्डिंगच्या सावलीत फुटपाथच्या कडेला बसून ओढायचे. लिफ्ट आहे, पण जावई लिफ्टच्या कंपनीत असल्यापासून त्यांचा लिफ्टवर विश्वास राहिलेला नाही. इथल्या उन्हाळ्यात सावली ही फक्त दिसायला सावली असते. एका दुपारी ते तिथेच आडवे झाले. समोरच्या बकाल्यातला, म्हणजे किराणा दुकानातला, जैनुद्दीन हा श्रीवर्धनचा माणूस. त्याने त्यांना उचलून आत नेलं आणि थंडाव्यासाठी दह्याच्या क्रेटच्या आडोशाला, कूलरचं दार उघडं टाकून बसवलं. मी धावत गेलो तेव्हा अण्णा मांडीवर ताकाचं पाकीट ठेवून बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी होती. शुद्धीवर आल्याची.

या प्रसंगानंतर माझ्या तौहीद नावाच्या सहकाऱ्याला दया आली. हा मुरूडचा, कामानिमित्त दुबईला येऊन-जाऊन असायचा. त्याने तिकडून एक व्हेप आणून दिला आणि सोबत लिक्विडच्या दोन मोठ्या बाटल्या. इथे त्या वस्तूच्या विक्रीला बंदी आहे, आपल्याकडेही आहे. तेव्हा हे पत्र वाचून झाल्यावर दुकानात इकडेतिकडे टाकू नका. तुम्ही पाहिला नसेल म्हणून सांगतो. व्हेप म्हणजे शाईपेनाच्या थोरल्या भावासारखी एक नळी. खाली बॅटरी, वर काचेची छोटी टाकी, टाकीत वासाचं, निकोटिन घातलेलं लिक्विड, आणि मध्ये बोटाच्या पेराएवढी कॉइल. कॉइल म्हणजे तारेचं वेटोळं, त्यात कापूस. कापूस लिक्विड पितो, तार तापते, वाफ निघते, माणूस ती ओढतो आणि आपण सिगरेट सोडली असं सगळ्यांना सांगतो. लिक्विड ब्लूबेरी कस्टर्डच्या वासाचं होतं. अण्णांनी पहिला झुरका घेतला, बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "बाराव्याच्या खिरीत कोणीतरी अत्तर सांडल्यासारखं लागतंय." पण ओढू लागले. बाल्कनीत बसून ओढायला आकांक्षाने परवानगी दिली. घरात थोडी शांतता आली.

आता त्या यंत्राची मेख ऐका. गोड लिक्विड तापून तापून कॉइलवर करपतं, काळा थर बसतो, कापूस जळतो आणि मग कस्टर्डच्या जागी जळक्या दुधाच्या पातेल्याचा वास येऊ लागतो. जगात इतरत्र लोक अशी कॉइल फेकून नवी घालतात. इथे नवी मिळत नाही. तौहीदची बदली इब्रीला झाली, तिथल्या कामात दुबईची फेरी नाही आणि त्याचा साहेब खडूस. राहता राहिला एक उपाय, तो म्हणजे जुनीच कॉइल धुणं. इंटरनेटवर यावर इतके लोक इतक्या कळकळीने बोलतात की, माणसं संसारात एवढं लक्ष घालती तर कोर्टं ओस पडली असती. कोमट पाण्यात बुडवा, हलवा, पाणी बदला, पुन्हा बुडवा, झटका, फुंका, पूर्ण दिवस वाळवा, मग कापसावर लिक्विडचे थेंब घाला, मुरू द्या, आणि मगच ओढा. यातली एकही पायरी गाळली तर काय होतं, हे मी तुम्हाला अनुभवाने सांगू शकतो.

पहिल्यांदा मी घाई म्हणून कॉइल चहाच्या पातेल्यात उकळायला ठेवली आणि साहेबांचा फोन आला म्हणून बाहेर गेलो. आकांक्षा स्वयंपाकघरात आली, तिला आधण तयार दिसलं. दुसऱ्या मजल्यावरची मेहविश भाभी येऊन बसली होती, तेव्हा तिने त्यातच पत्ती, साखर आणि आलं टाकलं. चोथ्यात कॉइल गेली ती आल्याचा तुकडा म्हणून गेली. मेहविश भाभीने चहाची तारीफ केली. मग दोघींना मळमळायला लागलं, हातपाय थरथरू लागले, आणि दोघींनी मिळून तो दोष बाहेरून आणलेल्या ढोकळ्यावर ठेवला. मीही ढोकळ्याची बाजू घेतली नाही. कचऱ्यातून कॉइल शोधून काढताना यशश्रीने मला पाहिलं. "बाबा, तुम्ही, ते, व्हॉट इज इट, भंगार शोधता?" असं तिने तिच्या मराठीत विचारलं. मी हो म्हणालो. दुसरं काही म्हणण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्यांदा मी धुतली नीट, पण थेंब घालून मुरवायचं विसरलो. अण्णा ती घेऊन जिन्याकडे निघाले होते, जैनुद्दीनकडे पेपर वाचायला. पॅसेजमध्येच त्यांनी झुरका घेतला. कोरडा कापूस पेटला आणि जो काळा धूर निघाला तो थेट छतावरच्या अलार्मला लागला. जुम्म्याची वेळ, बिल्डिंगमधली निम्मी माणसं आंघोळीत. सगळी कुटुंबं जशी होती तशी रस्त्यावर आली. कोणाच्या डोक्याला साबण, कोणाच्या हातात कुकरची शिट्टी. सर्वांत शेवटी अण्णा जिन्यावरून सावकाश उतरले, हातात व्हेप, तोंडातून अजून थोडी वाफ निघतेय. तळमजल्यावर आमचा घरमालक राहतो. म्हातारा ओमानी, आम्ही सगळे त्याला अर्बाबच, म्हणजे मालकच, म्हणतो. त्याने अण्णांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. फ्लॅट जाणार हे मला दिसत होतं. मी माझ्या फुटक्या अरबीत सांगून टाकलं की यांची छाती खराब आहे, हे औषधाच्या वाफाऱ्याचं यंत्र आहे.

अर्बाबचा चेहरा बदलला. तो पुढे आला, अण्णांच्या छातीवर हात ठेवला, बराच वेळ काहीतरी पुटपुटला आणि "खलास, खलास", म्हणजे झालं-संपलं, म्हणत सगळ्यांना घरी पाठवलं. तेव्हापासून तो सकाळी एक वाटी घेऊन वर येतो. त्यात रात्रभर भिजवलेल्या लोबानाचं पाणी असतं. छातीला चांगलं म्हणून इथली जुनी माणसं ते पितात. अण्णा वाटी रिकामी करेपर्यंत तो दारातून हलत नाही. पाण्याला देवघराची चव लागते. अण्णा रोज ते निमूट पितात आणि त्याला हात जोडतात. मी बाजूला उभा राहून माझ्या खोटेपणाचा तुरट वास घेत असतो.

एवढं झाल्यावर धुण्याचं काम एकट्याने करायचं नाही असं मी ठरवलं. दर शुक्रवारी सकाळी मी आणि अण्णा बाल्कनीत पेपर पसरून बसतो. समोर तपकिरी डोंगर, त्यावर गवताची काडी नाही. आम्ही टाकी उघडतो, कॉइल काढतो, कोमट पाण्याच्या काचेच्या वाटीत टाकतो आणि पाणी काळं होताना बघत बसतो. दोघांच्याही हातांना हे काम जमत नाही. माझी बोटं जाड, अण्णांची थरथरतात. रबराची ती बारीक चकती दर वेळी कोणाच्यातरी हातून उडते आणि मग आम्ही दोघं गुडघ्यांवर रांगत ती शोधतो. एकदा ती बाल्कनीतून खाली पडली, तर ती शोधायला जैनुद्दीनने दुकान बंद केलं. (त्याने विचारलं, काय शोधायचंय. मी म्हणालो, कळेल. मिळाली ती बाटलीच्या झाकणाची निघाली, पण बसली.)

या बैठकांमध्ये अण्णा आधी बोलत नसत. एके शुक्रवारी पाणी नेहमीपेक्षा काळं निघालं. अगदी चहासारखं. अण्णांनी वाटी उजेडात धरली.

"प्रशांतराव," ते म्हणाले, "हिच्या छातीत असंच असेल ना?"

दादा, मी लिफ्टमध्ये अडकलेल्या माणसांशी बोलायला शिकलेला माणूस आहे. आम्हाला त्याचं ट्रेनिंग असतं. त्या ट्रेनिंगमध्ये हा प्रश्न नव्हता. आईंनी जन्मात कधी सिगरेट ओढली नाही, पण त्यांची फुप्फुसं निकामी झाली. दहाव्याला नदीवर, सगळ्या भावकीसमोर तुम्ही अण्णांना म्हणालात, "तुमच्या धुरानेच गेली ती." हे तुम्ही विसरला असाल म्हणून लिहीत नाही. हे लिहिल्याशिवाय मला पुढचं लिहिता येत नाही म्हणून लिहितो. तेव्हा अण्णा पाण्यात उतरले आणि भटजींनी सांगितलं ते करत राहिले. आम्हाला सगळ्यांना वाटलं, त्यांना नीट ऐकू गेलं नसावं. मी वर लिहिलंच आहे, त्यांचे कान चांगले आहेत.

मी म्हणालो, "अण्णा, डॉक्टर म्हणाले होते की कारणं बरीच असतात. चुलीचा धूर असतो, धूळ असते. काही लोकांना तसंच होतं."

"तुम्ही जावई म्हणून बोलताय," ते म्हणाले.

"तसं नाही."

"चंद्रहास मुलगा म्हणून बोलला. तुम्ही जावई म्हणून बोलताय." त्यांनी वाटीतलं पाणी कुंडीत ओतलं, नवं पाणी घेतलं आणि पुन्हा कॉइल बुडवली. "अर्बाब ते पाणी आणतो ना सकाळी. ते ती असताना कोणी आणून द्यायला हवं होतं."

त्यानंतर आम्ही आणखी चारदा पाणी बदललं. त्या दिवशी कॉइल इतकी स्वच्छ झाली की नवी म्हणून विकता आली असती.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी पाणी पिवळट निघालं. मग फिकट. मग तर टाकलं तसं पाणी राहिलं. मला वाटलं, आपण या कलेत वाकबगार झालो. मी अण्णांपाशी स्वतःची थोडी स्तुतीही केली. ते म्हणाले, "हो, हात बसला तुमचा." पण लिक्विडची बाटली मी पाहिली तर पातळी हललेली नव्हती. अण्णांनी त्या काळ्या पाण्यानंतर एकही झुरका घेतलेला नाही. सिगरेटही नाही, जैनुद्दीनला विचारून खात्री केली. त्यांनी हे कोणाला सांगितलं नाही. मी विचारलं नाही. शुक्रवार आला की ते पेपर पसरतात, वाटी मांडतात आणि मला हाक मारतात. मग आम्ही दोन शिकली-सवरलेली माणसं स्वच्छ कॉइल स्वच्छ पाण्यात धुतो आणि स्वच्छ कापडावर वाळत घालतो. त्या तेवढ्या वेळात ते बोलतात. इतर दिवशी त्यांना जेवण कसं झालंय विचारलं तर ते मान हलवतात. या बैठकीत मात्र मला कळलं आहे की तुम्ही लहानपणी रंग ओळखायला चुकत होता आणि हिरव्याला निळा म्हणत होता, म्हणून तुम्ही रंगाचं दुकान काढलंत तेव्हा आईंना रात्रभर झोप लागली नव्हती. हे सांगताना ते हसले. इथे आल्यापासून पहिल्यांदा. मग लगेच उठून आत गेले आणि दार लावून घेतलं. जेवायला आले तेव्हा डोळे लाल होते. आकांक्षाने विचारलं, तर म्हणाले, लिक्विड उडालं.

असा हा माझा शुक्रवार जातो. इतर माणसं समुद्रावर जातात, मॉलमध्ये जातात, झोपतात. आठवडाभर लोकांच्या लिफ्ट वर-खाली करून मी एका म्हाताऱ्याच्या बंद पडलेल्या व्यसनाची देखभाल करतो आणि तो अंगाची घडी घालून बसलेला बघून माझाही धीर खचतो. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. यशश्री आजोबांना काही विचारायला जाते, मराठी शब्द अडतो, आजोबा तो शब्द सांगायच्या ऐवजी तिच्याकडे बघत राहतात. तेव्हा मी काही जास्त मागत नाही. या माणसाला घेऊन जा. तुमचे वडील आहेत, तुमचं घर मोठं आहे, तुमच्याकडे आंब्याची सावली खरी सावली असते. माझ्याच्याने हे बघवत नाही.

वहिनींना नमस्कार. बदरुद्दीनला चहा द्यायचं विसरू नका.

आपला,
प्रशांत

ता. क. वरची मागणी रद्द समजावी. आकांक्षाने व्हिसा आधीच वाढवून घेतला आहे. तिने मला आत्ता सांगितलं. मला राग यायला हवा होता. मी बाल्कनीत जाऊन रबराची चकती नीट बसली आहे ना ते पाहून आलो.

दुसरा ता. क. खरं काम हे आहे. शुक्रवारी सकाळी तुमच्याकडे दुकान उघडायच्या सुमारास आम्ही बाल्कनीत असतो. तेव्हा माझ्या फोनवर फोन करा. माझ्याशी बोलू नका, फोन त्यांना द्यायला सांगा. हवामान चालेल. पण ते त्यांना विचारा.

तिसरा ता. क. पत्र पाकिटात घालायच्या आधी टेबलावर राहिलं आणि अण्णांनी वाचलं. जन्मभर मराठीची मास्तरकी केलेल्या माणसासमोर कागद उघडा ठेवू नये. त्यांनी माझ्या वेलांट्या लाल पेनाने दुरुस्त केल्या आहेत, त्या तुम्हाला दिसतीलच. दुसरं काही खोडलेलं नाही. खाली थोडी जागा उरली आहे, ती त्यांना हवी आहे म्हणतात. म्हणून मी इथेच थांबतो.

चि. चंद्रहास यास अनेक आशीर्वाद. प्रशांतरावांचं शुद्धलेखन कच्चं आहे, बाकी मजकूर बरोबर आहे. नदीवर तू बोललास ते मी ऐकलं होतं. तुला एक सांगायचं राहिलं. मी सिगरेट पेटवली की ती कधी काही बोलायची नाही. उठून खिडकी उघडायची. मला इतकी वर्षं वाटायचं, तिला वारा आवडतो.
— अण्णा